सांगलीत बसून समुद्री डायटमचे फोटो: तारलीच्या पोटापासून स्लाइडपर्यंत

सांगलीहून समुद्र गाठायचा म्हणजे कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट आणि मग रत्नागिरी. जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडतो. त्यामुळे समुद्री डायटम हा कोकणात राहणाऱ्यांचा छंद, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. मग कळलं की ज्या डायटमसाठी मी घाट उतरायचा विचार करत होतो, ते बर्फाच्या पेटीतून आपल्याच मासळी बाजारात येतात. तारली हा मासा कल्ल्यांमधल्या बारीक चाळणीने पाणी गाळून त्यातले सूक्ष्म जीव खातो, आणि त्यात डायटम भरपूर असतात. माशाला डायटमचा मऊ भाग पचतो, कवच पचत नाही. ते काचेचं असतं.

डायटम म्हणजे एकपेशीय शैवाल. मराठीत त्यांना करंडक वनस्पती असं नेमकं नाव आहे, कारण प्रत्येक पेशी सिलिकाच्या दोन झाकणांत बसलेली असते. कुंकवाच्या करंड्याचं झाकण तळाच्या भागावर बसतं, तशी एक वाटी दुसरीवर बसते. या वाट्यांवर छिद्रांची आणि रेघांची इतकी शिस्तशीर नक्षी असते की एकोणिसाव्या शतकात भिंग चांगलं की वाईट हे डायटमवरच पारखत. आपल्याला फोटो काढायचाय तो या नक्षीचा.

एक गोष्ट आधीच सांगतो. पहिल्या वर्षी माझे सगळे फोटो धूसर यायचे आणि मी कॅमेऱ्याला दोष देत होतो. कॅमेरा तोच ठेवून नमुना नीट धुतला, कव्हरस्लिपवर (स्लाइड झाकायच्या पातळ काचेवर) नीट सुकवला आणि दिव्याचा कोन बदलला, तेव्हा नक्षी उघडली. म्हणून या लेखात कॅमेऱ्याला जागा कमी आहे आणि धुण्याला जास्त.

आधी कृष्णेवर हात बसवा

समुद्री नमुना हाती येण्यापूर्वी पंधरा दिवस नदीवर सराव करा. हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर, नाहीतर कुठल्याही घाटाच्या पायऱ्यांवर, पाण्याखालच्या दगडाला तपकिरी निसरडा थर असतो. जुन्या टूथब्रशने तो खरवडून बाटलीत घ्या. तपकिरी रंग फ्युकोझँथिन या रंगद्रव्याचा, म्हणजे डायटम असल्याची खूण. हिरवागार थर असेल तर तो सोडून द्या. आपल्या भागातल्या गोड्या पाण्यातल्या डायटमचा अभ्यास जुना आहे. एच. पी. गांधी यांनी १९५० च्या दशकात कोल्हापूर, राधानगरी, पन्हाळा या भागांतल्या डायटमची नोंद केली होती.

नदीतले डायटम बहुतेक होडीच्या नाहीतर काडीच्या आकाराचे आणि लहान असतात. समुद्रात मात्र मोठ्या तबकड्या मिळतात. कॉसिनोडिस्कसच्या काही जाती १०० मायक्रॉनच्या पुढे जातात, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षा मोठ्या. त्रिकोणी ट्रायसेरॅटियम असतो, आणि चक्राच्या पाकळ्या आळीपाळीने वर-खाली असाव्यात तसा अ‍ॅक्टिनोप्टिकस असतो. नवशिक्याला फोटोसाठी हेच सोपे.

नमुना कुठून आणायचा

पहिला मार्ग तारलीचा. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. पावसाळ्यात किनाऱ्याजवळचं पाणी खतावलेलं असतं आणि डायटम फोफावतात, म्हणून सप्टेंबर ते डिसेंबर हे महिने मला सर्वात लाभले आहेत. बाजारातल्या मावशींना सकाळीच सांगून ठेवा, "मावशी, तारली साफ केलीत की पोटं तेवढी या डब्यात टाका." आठ-दहा माशांची पोटं पुरतात. घरी आल्यावर जठर चिरून आतला हिरवट-तपकिरी लगदा चमच्याने काढून घ्या. लगेच काम करायचं नसेल तर छोट्या बाटलीत भरून फ्रीजरमध्ये ठेवा. स्पिरिटमध्ये ठेवू नका, कारण पुढे पेरॉक्साईड वापरायचंय आणि या दोघांची गाठ पडू द्यायची नाही. सगळ्याच माशांच्या पोटात डायटम सापडतील असं नाही. लगद्याचा थेंब पाण्यात मिसळून १० पट भिंगाखाली आधी पाहा. काचेची चकाकणारी वर्तुळं दिसली तरच पुढची मेहनत घ्या.

दुसरा मार्ग कालवं किंवा तिसऱ्यांचा. शिंपल्यातली माती आणि पोटातला गाळ दोन्ही उपयोगी.

तिसरा मार्ग अर्थातच स्वतः जाण्याचा, आणि वर्षातून एकदा तरी जावं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास जा. उधाणाच्या दिवसांत ओहोटीही खूप मागे जाते आणि एरवी पाण्याखाली असणारा खडक उघडा पडतो. भांगाच्या दिवसांत गेलात तर हात हलवत परत याल. खडकावरचा तपकिरी थर खरवडा, समुद्रशेवाळाचा झुबका बाटलीत घालून जोरात हलवा आणि ते गढूळ पाणी ठेवा. भाट्याच्या खाडीसारख्या ठिकाणी चिखलावर सोनेरी-तपकिरी साय दिसते. ती घ्यायची एक सुंदर युक्ती आहे. चिखलावर भिंग पुसायचा पातळ कागद अंथरा आणि तास-दोन तास थांबा. तिथले डायटम सरपटणारे असतात. उजेडाकडे वर येताना ते कागदात शिरतात आणि माती खालीच राहते. कागद उचलून समुद्राच्याच पाण्याच्या बाटलीत टाकला की जवळजवळ स्वच्छ नमुना मिळतो. बरोबर एक लिटर समुद्राचं पाणी आणलंत तर दोन-तीन दिवस जिवंत डायटमही पाहता येतील.

धुणं

इथे घाई केली तर पुढे काहीच सुधारता येत नाही.

नळाचं पाणी शेवटच्या धुण्यात वापरू नका. एक तर ते सुकल्यावर क्षारांचे पांढरे डाग राहतात. दुसरं म्हणजे नदीच्या पाण्यातून आलेला एखादा डायटम तुमच्या समुद्री नमुन्यात मिसळू शकतो आणि मग कोण कुठला हे सांगता येत नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर सगळीकडे मिळतं, ते चालतं.

तारलीच्या लगद्यात तेल फार असतं. कोमट पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब घालून हलवा, बसू द्या, वरचं तेलकट पाणी ओता. असं चार-पाच वेळा, पाणी चिकट लागेनासं होईपर्यंत. धुण्याचा सोडा वापरू नका. अल्कली सिलिकाला खाते आणि सर्वात नाजूक नक्षी सर्वात आधी जाते. त्याच कारणाने ब्लीचमध्ये रात्रभर भिजत ठेवायची चूकही टाळा.

शिंपल्यांचा किंवा वाळूचा नमुना असेल तर त्यात चुनखडीचा चुरा असतो. त्यावर साधं पांढरं व्हिनेगर घाला. फेस यायचा थांबला की चुना संपला. मग व्हिनेगर पूर्ण धुऊन काढा.

आता सेंद्रिय भाग जाळायचा. रसायनांच्या दुकानात ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साईड मिळतं. हे औषधाच्या दुकानातल्या सौम्य पेरॉक्साईडसारखं नाही, कातडीला लागलं तर पांढरा चट्टा पडतो आणि डोळ्यात गेलं तर इजा होते. चष्मा, हातमोजे आणि मोकळी गच्ची या तिन्हींशिवाय बाटली उघडू नका. घरातल्या मुलांना दाखवायचं असेल तर दुरून दाखवा. २५० मिलिलिटरच्या बीकरमध्ये लगदा चमचाभरच घ्या आणि पेरॉक्साईड थोडं थोडं घाला. आधी जोरात फेस येतो, एवढं मोठं बीकर त्यासाठीच. फेस शांत झाला की बीकर गरम पाण्याच्या पातेल्यात दोन-तीन तास ठेवा. वर झाकण लावायचं नाही, आत वायू तयार होत असतो. थेट गॅसच्या आचेवर ठेवायचं नाही. अ‍ॅसिटोन, स्पिरिट, व्हिनेगर यांचा अंशही त्यात असता कामा नये. पेरॉक्साईड आणि अ‍ॅसिटोनपासून स्फोटक पदार्थ बनतो. हे पातेलं आणि बीकर परत स्वयंपाकघरात न्यायचं नाही. तळाचा गाळ तपकिरीचा पांढरट झाला की काम झालं. तसा झाला नाही तर ओतून नवीन पेरॉक्साईड घालून पुन्हा तेच.

मग डिस्टिल्ड पाण्याने पाच-सहा धुणी. उंच काचेच्या ग्लासात पाणी भरा आणि पाण्याच्या दर सेंटिमीटर उंचीला किमान एक तास बसू द्या. दहा सेंटिमीटर पाणी असेल तर दहा तास. त्याआधी वरचं पाणी ओतलंत तर लहान डायटम त्याबरोबर गटारात गेले म्हणून समजा. मी सकाळी ऑफिसला जाताना आणि रात्री झोपताना असे दोनदा पाणी बदलतो, तीन दिवसांत नमुना तयार होतो.

वाळू राहिली असेल तर तांदूळ रोळतो तसं रोळायचं. उथळ वाटीत नमुना घेऊन गोल फिरवा, पाच-दहा सेकंद थांबा आणि वरचं दुधाळ पाणी दुसऱ्या भांड्यात अलगद ओता. वाळूचे खडे तळाशी राहतात, डायटम पाण्याबरोबर जातात. हाताला सवय लागेपर्यंत तीन-चार प्रयत्न लागतील. मोठ्या तबकड्या मात्र वाळूबरोबर मागे राहू शकतात, म्हणून तळाचा गाळ एकदा भिंगाखाली पाहिल्याशिवाय फेकू नका.

इथे एक सांगलीची खास गोष्ट. माझ्या एका स्लाइडमध्ये डंबेलच्या आकाराचे काचेचे तुकडे निघाले. आठवडाभर मी ते कुठल्या डायटमच्या जातीत बसतात ते शोधत होतो. ते उसाच्या पानातले सिलिकाचे कण होते. हंगामात पाचट पेटवतात तेव्हा काळी राख गच्चीवर येऊन पडते, आणि माझा ग्लास गच्चीवर उघडा होता. हे कणही सिलिकाचेच, त्यामुळे पेरॉक्साईडमध्ये टिकतात. धुण्याचा ग्लास, सुकणारी कव्हरस्लिप, सगळं झाकून ठेवा. बीकरला मात्र पेरॉक्साईड असेपर्यंत झाकण नको, वर कागदाचा सैल तंबू पुरे.

कव्हरस्लिपवर सुकवणं आणि बसवणं

थेंब स्लाइडवर नव्हे, कव्हरस्लिपवर टाकायचा. भिंगाच्या बाजूवर ०.१७ असा आकडा कोरलेला असतो. तेवढ्या मिलिमीटर जाडीच्या काचेला लगटून वस्तू असेल असं धरून भिंग घडवलेलं असतं. डायटम स्लाइडला चिकटले आणि कव्हरस्लिपपासून दूर राहिले तर ४० पटीला चित्र दुधाळ होतं.

कव्हरस्लिप लिक्विड सोपने धुऊन घ्या, म्हणजे थेंब गोळा न होता पसरेल. नमुना इतका पातळ करा की थेंब जेमतेम धुरकट दिसेल. दाट थेंबात डायटम एकमेकांवर पडतात आणि एकही सुटा मिळत नाही. पंखा बंद, वर वाटी पालथी, रात्रभर. तव्यावर ठेवून झटपट सुकवलंत तर सगळे डायटम कडेला गोळा होऊन कडं तयार होतं.

आता माध्यम, म्हणजे डायटमच्या भोवती काय ठेवायचं ते, आणि इथे बहुतेक जण फसतात. डायटमच्या सिलिकाचा वक्रीभवनांक साधारण १.४३ ते १.४४ असतो. आजूबाजूच्या पदार्थाचा आकडा त्यापासून जितका दूर, तितकी नक्षी ठळक. कॉलेजच्या प्रयोगशाळेत स्लाइड चिकटवायला वापरतात ते डीपीएक्स साधारण १.५२ चं, फरक ०.०८. साध्या पाण्याशीसुद्धा फरक ०.१० च्या आसपास असतो. म्हणजे डीपीएक्समध्ये डायटम पाण्यापेक्षाही फिके दिसतात. नॅफ्रॅक्स नावाचा राळेसारखा पदार्थ १.७ च्या वर जातो आणि तो उत्तम, पण परदेशातून मागवावा लागतो.

फुकटातला उपाय म्हणजे हवा. तिचा आकडा १, फरक ०.४ च्या वर. स्लाइडवर दुहेरी चिकटपट्टीचं छोटं कडं चिकटवा, कव्हरस्लिप डायटमची बाजू खाली करून त्यावर ठेवा आणि कडेने नेलपॉलिश फिरवा. झाली सुकी स्लाइड. १०, २० आणि ४० पट भिंगांसाठी मी आता हीच करतो. १०० पटीच्या तेलातल्या भिंगाची पूर्ण ताकद मात्र हवेच्या थरातून मिळत नाही, त्यासाठी नॅफ्रॅक्सच हवं.

सूक्ष्मदर्शक

अंबाल्यात बनलेला कॉलेजचा साधा सूक्ष्मदर्शक पुरतो, पण दोन गोष्टी पाहून घ्या. खाली झडप असलेला कंडेन्सर (दिव्याचा प्रकाश नमुन्यावर एकवटणारं भिंग) हवा आणि तो वर-खाली करता यायला हवा. आणि भिंगावरचा एन.ए. वाचा, म्हणजे भिंग किती रुंद कोनातला प्रकाश गोळा करतं त्याचा आकडा. पटीचा आकडा नुसता मोठेपणा सांगतो, तपशील एन.ए. ठरवतो. ४० पट भिंगाचा ०.६५ असेल तर हिरव्या प्रकाशात साधारण अर्धा मायक्रॉन अंतरावरच्या रेघा सुट्या दिसतात. प्लुरोसिग्मा अँग्युलेटम या डायटमवर १० मायक्रॉनमध्ये साधारण २० रेघा असतात, म्हणजे बरोबर या सीमेवर. त्या रेघा दिसल्या तर तुमचं भिंग, स्लाइड आणि प्रकाश तिन्ही जागेवर आहेत. निळा फिल्टर लावला तर मर्यादा आणखी थोडी सरकते.

प्रकाश

दिवा लावून कंडेन्सर कुठेतरी ठेवणं आणि झडप घट्ट बंद करणं, ही सर्वात नेहमीची सवय. झडप बंद केली की चित्र ठळक वाटतं, पण बारीक रेघा मरतात आणि कडांभोवती खोट्या रेघा उठतात. आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) काढून नळीतून खाली पाहा. भिंगाचं उजळ वर्तुळ दिसेल. झडप अशी लावा की वर्तुळाचा तीन-चतुर्थांश ते चार-पंचमांश भाग उजळ राहील. मग आयपीस परत.

पुढे तिरपा प्रकाश. कंडेन्सरखालच्या फिल्टरच्या खाचेत काळ्या कागदाचा तुकडा एका बाजूने हळूहळू सरकवा, अर्ध्याहून जास्त भाग झाकेपर्यंत. अचानक डायटम उठावाचे दिसू लागतात, जणू चांदीच्या ताटावरचं ठोकीव काम. प्लुरोसिग्माच्या रेघा मला पहिल्यांदा अशाच दिसल्या. त्यासाठी रात्री अकराला बायकोला उठवलं होतं, आणि तिनेही पाच मिनिटं डोळा लावून पाहिलं. रेघा कुठल्या दिशेच्या आहेत त्याप्रमाणे कागद फिरवावा लागतो.

काळी पार्श्वभूमी हवी असेल तर पारदर्शक प्लास्टिकवर मधोमध काळ्या कार्डाची गोल टिकली चिकटवा आणि त्याच खाचेत ठेवा. १० पटीसाठी सुमारे १० मिलिमीटरपासून सुरुवात करा, ४० पटीला टिकली मोठी लागते. आयपीस काढून पाहा, उजळ वर्तुळ जेमतेम झाकलं गेलं की माप बरोबर. सुक्या स्लाइडवर अशा प्रकाशात काही डायटम निळे, सोनेरी, तांबूस चमकतात. काच बिनरंगी असते, तो रंग बारीक रेघांवर प्रकाश फुटल्याने येतो. ज्युलियस ऱ्हाइनबर्ग यांनी १८९६ मध्ये अशाच टिकल्या रंगीत करून पाहिल्या होत्या. काळ्याऐवजी निळ्या जिलेटिन कागदाची टिकली आणि बाहेर पिवळं कडं लावलं की निळ्या आकाशात पिवळे डायटम दिसतात.

एक उपयोगी तपासणी आणखी. दिव्यावर एक आणि आयपीसवर एक असे पोलरायझरचे (एकाच दिशेचा प्रकाश सोडणाऱ्या फिल्मचे) दोन तुकडे आडवे-उभे धरा. वाळूचे आणि चुनखडीचे स्फटिक चमकतील, डायटम काळेच राहतील, कारण त्यांचं सिलिका स्फटिकी नसतं. धुणं कितपत जमलं ते लगेच कळतं.

फोटो

मोबाईल पुरतो, आणि याचं गणित मांडून दाखवतो. ४० पटीला दिसणारं क्षेत्र साधारण ४५० मायक्रॉन रुंद असतं. सर्वात बारीक तपशील अर्धा मायक्रॉनचा, त्याला दोन पिक्सेल हवेत, म्हणजे सुमारे १८०० पिक्सेल. १२ मेगापिक्सेलच्या मोबाईलचा फोटो ४००० पिक्सेल रुंद असतो. जास्त मेगापिक्सेलवर खर्च करण्यापेक्षा मोबाईल आयपीसला घट्ट धरणारा अ‍ॅडॉप्टर घ्या.

हातात मोबाईल धरून काढू नका. फोकस आणि उजेड दोन्ही लॉक करा. व्हाइट बॅलन्स स्लाइडच्या रिकाम्या जागेवर घ्या. दोन सेकंदांचा टायमर लावा. विश्रामबागेत रस्त्याकडेच्या घरात राहतो म्हणून हे शिकलो, की एसटी गेली तरी ४० पटीचं चित्र थरथरतं. रात्री अकरानंतर, पंखा आणि पाण्याचा पंप बंद करून काढलेले फोटो वेगळेच येतात. दिवा घरच्या विजेवर लुकलुकत असेल आणि फोटोत पट्टे येत असतील तर एलईडी पॉवर बँकवर चालवा.

४० पटीला एका वेळी साधारण १.३ मायक्रॉन जाडीच स्पष्ट दिसते. अ‍ॅक्टिनोप्टिकसच्या वरच्या पाकळ्या स्पष्ट केल्या की खालच्या धूसर होतात. म्हणून एकाच जागेचे बरेच फोटो वेगवेगळ्या खोलीवर काढून संगणकावर जोडायचे. बारीक फोकसच्या चाकावर बहुधा एका घराला २ मायक्रॉन असतात. अर्ध्या अर्ध्या घराने पुढे जा, २० मायक्रॉन उंच डायटमला वीस फोटो. चाक कायम एकाच दिशेने फिरवा, मागे आलात तर दातांमधली ढील पायरी बिघडवते. जोडण्यासाठी पिकोले हा मोफत प्रोग्राम चांगला आहे, झेरीन आणि हेलिकॉन हे विकतचे.

जोडण्यापूर्वी त्याच उजेडात रिकाम्या जागेचा एक फोटो धूसर करून काढून ठेवा. त्याने मूळ फोटोला भागलं की आयपीसवरची धूळ आणि कोपऱ्यांतला अंधार निघून जातो. शार्पनिंग जपून करा. जास्त झालं की छिद्रांभोवती पांढरी कडी उठतात आणि नसलेली नक्षी दिसू लागते. ती नक्षी लोक खरी मानतील, याची मला फार काळजी वाटते.

प्रत्येक भिंगाला एकदा स्टेज मायक्रोमीटरचा (माप कोरलेल्या स्लाइडचा) फोटो काढून ठेवा. एक मिलिमीटरचे शंभर भाग, प्रत्येक १० मायक्रॉनचा. त्यावरून फोटोत मापाची रेघ टाकता येते. मापाशिवाय डायटमच्या फोटोवरून जात ओळखणं जवळजवळ अशक्य.

स्लाइडवर त्याच दिवशी चिठ्ठी लावा: तारली, सांगली मासळी बाजार, तारीख, सुकी. आणि चांगला डायटम सापडला की स्टेजवरच्या दोन पट्ट्यांचे आकडे वहीत उतरवून घ्या. एका कव्हरस्लिपवर हजारो डायटम असतात. आकडे नसतील तर तोच पुन्हा शोधायला एक अख्खी संध्याकाळ जाते.